बर्फ पडलेला नाही, निर्धास्त वाचा

मिशीने आणि मानाने मोहल्ल्यात सर्वांत थोर अशा तुर्गुन मामांना, भाचा एलयोर याचा छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून सलाम.

मामा, माझं आयुष्य फिरलं ते एर्गाश-अकांनी भर चहाखान्यात पेला खाली ठेवून मला विचारलं, "काय रे हवामानवाल्या, यंदा बर्फ कधी?" त्या क्षणी. पण तिथवर पोचण्याआधी रीत पाळतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, कार्ट्याने कॉलेज सोडलं तशी लाजही सोडली. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचं डोकं दुखायचं थांबलं का? पिंजऱ्यातला लावा पक्षी खातोय ना? लिंबाची कुंडी थंडीच्या आधी आत घेतलीत ना? शेजारचे हाजी अजून पहाटे गाडी सुरू करून, ती तशीच घुरघुरत ठेवून, नमाजाला जातात का? सगळ्यांना माझा सलाम सांगा. गाडीला सांगू नका.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. हा कागद दिसताच तुमचा हात मागे सरला असेल, हे मी ओळखून आहे. थंडी लागली की तुम्ही कुणाच्या हातून चिटोरंसुद्धा घेत नाही. पहिल्या बर्फाच्या दिवशी कुणी आपल्या हातात चिठ्ठी सरकवली आणि पकडला न जाता दाराबाहेर सटकला, तर चिठ्ठीत मागितलेलं मुकाट द्यावं लागतं. पकडला गेला, तर उलट त्यालाच द्यावं लागतं. या एका रिवाजापायी अख्ख्या मोहल्ल्याने कधी ना कधी पुलावाची कढई चढवलीय. तुम्ही नाही. बसचं तिकीट तुम्ही मामींना घ्यायला लावता. गेल्या वर्षी विजेचं बिल घेऊन आलेल्या बाईला तुम्ही मनगट धरून अंगणातल्या चौथऱ्यावर बसवून ठेवलंत आणि "पकडलीय, आता मेंढी काप!" म्हणून ओरडत सुटलात. (त्या दिवशी बर्फ नव्हता, धुकं होतं. ती बाई अजून आपल्या गल्लीत येत नाही, आणि बिलही येत नाही, हा फायदा वेगळा.)

म्हणून आधीच शपथेवर सांगतो: बर्फ पडलेला नाही. ताश्कंदला नाही, डोंगरात नाही, कुठेच नाही. सगळ्या संकटाचं मूळच ते आहे. हे पत्र म्हणजे निव्वळ संताप आहे, त्यात मागणी नाही. लोडाला टेकून निर्धास्त वाचा.

तर मी कॉलेज सोडलं त्याबद्दल तुमच्या मनात राग आहे. असू दे. पण माझी बाजू कधी ऐकलीत? हवामानाच्या कॉलेजात आमचे गुरुजी ढगांची चित्रं भिंतीवर टाचून शिकवायचे आणि खिडकी बंद करायला लावायचे, कारण वाऱ्याने ढग उडायचे. अशा ठिकाणी माणसाने तारुण्य घालवायचं? मग त्यांनीच मला एक खुणा केलेली काठी देऊन बर्फाची खोली मोजायला कोरबुलोकला पाठवलं. तिथल्या उतारावर स्की खेळायला शहरातून लोक येतात, त्यांना बूट भाड्याने द्यायची एक खोली आहे, आणि त्या खोलीत मोहिरा बसते. ती माणसाचा चेहरा बघत नाही, पाय बघते आणि नंबर सांगते. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "बेचाळीस. मोजा फाटलाय. काठी उलटी धरलीयेस." मामा, कॉलेजात इतकी वर्षं घालवून मला कुणी इतकं नेमकं काही सांगितलं नव्हतं. मी काठी सुलटी केली आणि तिथेच राहिलो. याला तुम्ही शिक्षण सोडणं म्हणता!

मोहिरा ही एर्गाश-अकांची मुलगी, आणि एर्गाश-अका म्हणजे कोरबुलोकच्या, माणसांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या झुलत्या खुर्च्यांचे, उताराचे आणि चहाखान्याचे मालक. हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही दोघं एका काळचे जिवाभावाचे दोस्त. पण त्यांच्या थोरल्याच्या लग्नात गर्दीत त्यांनी तुम्हाला दाराजवळच्या गादीवर बसवलं, आणि तेव्हापासून तुम्ही त्यांचं नाव निघालं की लाव्याला दाणे टाकायला उठता. (लावा त्यामुळेच इतका सुटलाय.) माझं म्हणणं, दाराजवळ बसणं हा अपमान आहे, मान्य, पण त्यात माझा काय दोष? मी त्या लग्नात ताटं उचलत होतो!

मी एर्गाश-अकांकडे कामाला राहिलो. खुर्च्यांना वंगण घातलं, बूट पुसले, चहाखान्याच्या छपराची गळती बंद केली. मग एक दिवस धीर करून विषय काढला. ते म्हणाले, "हे बघ पोरा, लग्नाबिग्नाचं बोलणं बर्फ पडल्यावर. हंगाम सुरू झाला की माझं मन मोठं असतं. आत्ता ते माझ्या गल्ल्याएवढं आहे." म्हणजे माझं सगळं भवितव्य आभाळावर. दुसऱ्यांच्या प्रेमाच्या आड जात येते, बाप येतो, माझ्या आड कोरडा पश्चिमी वारा आला.

आणि मग तो चहाखान्यातला क्षण. "काय रे हवामानवाल्या, यंदा बर्फ कधी?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अगदी हवेत बोललो असं समजू नका. उपग्रहाची चित्रं मी पाहिली होती, वारा वळत होता, थंडी लवकर उतरत होती. शास्त्राप्रमाणे "शक्यता आहे" एवढं म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण एर्गाश-अकांच्या पाठीमागे मोहिरा किटली घेऊन उभी होती आणि तिने डावी भुवई उचलली. मी म्हणालो, "कापसाची वेचणी संपायच्या आत. छातीइतका!"

आता माझा पहिला संताप ऐका. हे मी एकटाच म्हणालो का? चहाखान्यातल्या म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. एकाने यंदा कांद्याची सालं जाड आहेत म्हणून सांगितलं. दुसऱ्याने तुतीची पानं उलटी पडतायत म्हणून शपथ घेतली. तिसऱ्याचं गाढव डोंगराकडे पाठ करून उभं राहतं, हे तर त्याने गाढव आणून दाखवलं. सगळ्यांचं एकमत झालं. आणि आता बर्फ आला नाही तर गावात कुणी कांद्याला बोलत नाही, तुतीला बोलत नाही, गाढवाचा तर मान वाढलाय. शिव्या फक्त मला!

एर्गाश-अकांनी ताबडतोब ताश्कंदभर निरोप धाडले की यंदा सगळ्यांच्या आधी कोरबुलोक उघडणार. पुरुषभर लांबीची पितळी तुतारी, म्हणजे आपलं कर्नाय, वाजवणारा ठरवला. उद्घाटनाला कापायचा म्हणून शेपटीला भरपूर चरबी असलेला एक मेंढा आणून खुर्च्यांच्या पहिल्या खांबाला बांधला. मामा, तो मेंढा रोज फुगत होता आणि मी रोज आटत होतो. जाणारा-येणारा प्रत्येकजण आधी आभाळाकडे बघायचा, मग मेंढ्याकडे, मग माझ्याकडे, आणि त्या तिसऱ्या नजरेत आमच्या दोघांत फारसा फरक केलेला नसायचा. आभाळ निळंच्या निळं. इतकं निर्लज्ज निळं आभाळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. ढग यायचे, डोंगरावर टेकायचे, पाहुण्यासारखा चहा प्यायचे आणि पलीकडे निघून जायचे. रोज सकाळी मी ती खुणांची काठी घेऊन उतारावर जायचो. काठीशेजारी एर्गाश-अकांची गाय चरत असायची. एकदा तिने काठी चाटली.

तशात ठरलेल्या दिवशी शहरातले पाहुणे गाड्यांच्या टपांवर स्की बांधून हजर! पोपटी, जांभळे, नारिंगी असे डगले घालून ही माणसं वाळक्या गवतावर उभी, आणि समोर गाय. एक जाडे गृहस्थ इतके हौशी की वाळक्या पानांच्या ढिगावरून घसरायला गेले आणि पानांखाली दगड होता, तो त्यांना भेटला. कर्नायवाल्याला कुणीतरी सांगितलं होतं की पाहुणे आले की वाजव. तो वाजवत राहिला. एर्गाश-अका माझ्याकडे बघून म्हणाले, "छातीइतका ना? कुणाच्या छातीइतका रे? मुंगीच्या?"

इथपर्यंत मी सोसलं. पण इथे फैझुल्ला आला. फैझुल्ला म्हणजे शहरातला एक गुळगुळीत माणूस, बर्फ फेकणारी यंत्रं विकतो. मोठा पंखा, त्यात पाणी सोडायचं, बाहेर बर्फ. त्याने मोहिराला पाहिलं आणि यंत्र "नुसतं दाखवायला" आणलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की हवा अजून गरम आहे, यातून बर्फ निघणार नाही. हे माझं कॉलेजातलं ज्ञान, तेवढ्यापुरतं तरी मी शिकलोय! फैझुल्ला हसून म्हणाला, "भाऊ, तुमचा अंदाज आम्ही मागच्या वेळी ऐकलाय." लोक हसले. मेंढासुद्धा ओरडला. मग त्याने गावच्या पाटातलं पाणी वळवून यंत्र चालू केलं.

मामा, पाऊस पडला. उतारावर, पाहुण्यांवर, जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर, पुलावाच्या कढईत. कर्नायवाल्याने कर्नाय आभाळाकडे धरलेलं होतं, ते भरलं. उताराचा चिखल झाला, गाय तेवढी खूश झाली. गावाचा पाटकरी फावडं घेऊन धावत आला, "माझं पाणी कुणी चोरलं? खालच्या बागांना काय तुमची थुंकी पाजू?" आणि एवढं सगळं झाल्यावर एर्गाश-अका कुणावर भडकले असतील? माझ्यावर! "तू बर्फ आणला असतास तर याचं यंत्र लागलं असतं का?" मी म्हणालो, "अका, मी बर्फ सांगतो, आणत नाही." ते म्हणाले, "मग उपयोग काय तुझा?" मीही तडकलो. म्हणालो, ज्या गावात गाढवाचा अंदाज चालतो तिथे मला राहायचंच नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि म्हणाले, "बर्फ पडेस्तोवर तोंड दाखवू नकोस. आणि पुन्हा आलास तर एकटा येऊ नकोस. लग्नाचं बोलणं पोरं करत नाहीत. तुझ्या घरात कुणी वडीलधारं आहे की नाही?"

मी बुटांच्या खोलीत सामान घ्यायला गेलो. मला वाटलं, मोहिरा रडत असेल. ती बूट लावत होती.

"झालं तुमचं भांडून?" ती म्हणाली. "रविवारी फैझुल्लाची आई आणि काका नान घेऊन मला मागणी घालायला येणारेत."

"तू नाही म्हण ना!"

"दोनदा म्हटलं. बाबा म्हणतात, दुसरं कुणी आलंच नाही तर नाही कुणासाठी म्हणतेयस? मी काय सांगू? एक पोरगा आहे, तो ढगांना शिव्या देतो? तुझ्या मामांना आण. ते येऊन बसले की बाबांच्या तोंडून नकार निघणार नाही, त्या दाराजवळच्या गादीचं त्यांना अजून खुपतंय. स्वतः नाही बोलणार, पण मला माहितेय. सगळ्यांत आतली, दारापासून सगळ्यांत लांबची गादी मी तुझ्या मामांसाठी घातलीय. नवी खोळ शिवलीय."

"मामा नाही यायचे."

"मग मी त्या खांबाच्या मेंढ्यासारखी वाट बघत बसू?" असं म्हणून तिने माझ्या अंगावर बूट फेकला. बेचाळीस नंबरचाच होता. मामा, रागातसुद्धा नंबर न चुकवणारी मुलगी दुसऱ्याच्या घरी जाणार, या कल्पनेने माझ्या डोक्यात जाळ होतो.

सफरचंदांच्या ट्रकमध्ये बसून मी खाली शहरात आलो. सध्या ओळखीच्या एका घरी उतरलोय. (जागा ऊबदार आहे. वाळवलेले जर्दाळू उत्तम आहेत, बरेचसे संपवले. घरमालक मात्र पलीकडच्या खोलीत दुपारच्या जेवणानंतर असा घोरतोय की कपाटातल्या चिनी वाट्या किणकिणतायत. असल्या आवाजात माणसाने पत्र कसं लिहावं? पण मी तक्रार करणारा माणूस नाही.)

तुमच्याकडे मी याआधी विषय काढला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "आधी पदवी, मग लग्नाचं दस्तरखान." आणि उठून लाव्याला दाणे टाकलेत. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा म्हणालात, "त्या एर्गाशच्या दारात मी? त्याच्या दाराची मला चांगली ओळख आहे, रात्रभर त्याला चिकटून बसलो होतो." बरं, मामा. असू दे. माझी आई गेल्यावर ज्यांनी मला वाढवलं, मला चालायला शिकवलं आणि कॉलेजात घातलं, त्या माणसाला माझ्या सुखापेक्षा एक गादी मोठी वाटत असेल तर मी काय बोलणार? मी हुज्जत घालत नाही. मी काही मागत नाही. फक्त तुम्हाला माहीत असावं की रविवारी तिथे नान मोडली जाईल, म्हणजे सोयरीक पक्की, आणि एकदा मोडलेली नान परत जोडली जात नाही. मी मग कुठेतरी लांब, जिथे डोंगर नाहीत आणि हवामानही नाही अशा जागी निघून जाईन आणि कापूस वेचीन. आभाळाचा धिक्कार असो. ढगांचा धिक्कार असो. ज्याने पहिल्यांदा पायाला दोन फळ्या बांधून डोंगरावरून घसरायचं काढलं, त्याचाही असो.

मामींना सलाम.

तुमचा, कुणाचाच नसलेला भाचा,
एलयोर

ता. क. सही करून मान वर केली तर खिडकीबाहेर काहीतरी पांढरं हललं. मला वाटलं, हाजींची कबुतरं असतील. कबुतरं नव्हती. मामा, बोराएवढे पुंजके! चौथरा पांढरा, द्राक्षवेल पांढरी, लिंबाची कुंडी (जी तुम्ही आत घेतलेली नाही) पांढरी. लगेच मोहिराचा फोन आला. कोरबुलोकला सकाळपासून कोसळतोय. फैझुल्लाच्या यंत्राचं नुसतं नाक वर दिसतंय. एर्गाश-अका अंगणात हात पसरून, तोंड वर करून उभे आहेत आणि "माझा हवामानवाला कुठाय?" म्हणून ओरडतायत. म्हातारे गाढवाला हार घालायला निघालेत. वर आभाळाला जे बोललो ते मागे घेतो. गाढवाला आणि फैझुल्लाला बोललो ते तसंच राहू दे. त्याचं यंत्र बुजलं तरी त्याची माणसं रविवारी येणारच आहेत, म्हणजे घाई तेवढीच आहे.

ता. क. २. मी वर लिहिलं होतं की बर्फ पडलेला नाही. लिहिलं तेव्हा माझ्या माहितीप्रमाणे ते खरं होतं. आता पडदा बाजूला करा. बघितलंत? मीच ओढून घेतला होता. ज्या घोरण्याची तक्रार केली ते तुमचं आहे. जर्दाळूही तुमचेच. झोपेतून उठलं की तुम्ही आधी टोपी शोधता, म्हणून हा कागद टोपीखाली ठेवला, आणि तो कुणी दिला नाही, तुम्ही स्वतःच्या हाताने उचलून घेतलात. तेव्हा आता रीतसर सांगतो: बर्फ आमचा, मागणं आमचं, देणं तुमचं. पुलाव नको. मेंढा नको, तिथे एक तयार आहे. रविवारी फैझुल्लाच्या लोकांच्या आधी, तुमचा तो पट्ट्यांचा झगा घालून, मामींनी भाजलेली नान घेऊन कोरबुलोकला चला आणि दारापासून सगळ्यांत लांबच्या गादीवर बसा. बाकी काही करू नका. पाहिजे तर एर्गाश-अकांशी बोलूही नका, नुसती नान मोडा.

ता. क. ३. तुम्ही मला दाराच्या आत पकडलंत तर मी हरलो, कॉलेजात परत जाईन आणि पदवीपर्यंत मोहिराचं नाव काढणार नाही. हा सौदा पक्का. मी पळालेलो नाही, मामा. मी इथेच उंबरठ्यात, एक पाय बाहेर टाकून उभा आहे आणि तुम्ही ओठ हलवत वाचताय ते बघतोय. तुमचे रबरी बूट तंदूरमध्ये आहेत. मामींना दोष देऊ नका, त्या शेजारी गेल्यात. जाताना उगाचच म्हणाल्या होत्या की आज तंदूर पेटवणार नाही. चौथऱ्यावर घोट्याएवढा बर्फ आहे, आणि तुमच्या पायांत मोजेसुद्धा नाहीत. आता मान वर करा. मी हसतोय. येताना मफलर घ्या, वर गार आहे. निघालो. हा बघा, दुसराही पाय बाहेर टाकला आणि दार ओढून घेतलं.